शेजारच्या टेबलावर काय चालतं? सहकाऱ्यांची कामं समजून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीतला सुट्या भागांचा कारखाना असो, हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी असो की कर्वे रोडवरचं तीसेक जणांचं ऑफिस, एक तक्रार सगळीकडे ठरलेली असते: "त्यांना आमचं काम कळतच नाही." त्यावर एक साधा उपाय आहे, एकमेकांच्या शेजारी बसून काम बघणं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या लहान-मध्यम कंपन्यांत हा उपक्रम लावून देण्याचं काम मी करते. एचआरवाले, सुपरवायझर आणि मालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही.

यात नेमकं करायचं काय असतं?

एका विभागातला माणूस दुसऱ्या विभागातल्या माणसाशेजारी अर्धा दिवस बसतो. त्याचं रोजचं काम चालू असताना बघतो, अधूनमधून विचारतो. काही दिवसांनी उलट फेरी होते. प्रेझेंटेशन नाही, सर्टिफिकेट नाही, बाहेरून बोलावलेला वक्ता नाही.

दुसऱ्याचं काम शिकून यायचं नसतं. आपल्या हातून गेलेली वस्तू, फाइल, मेल किंवा कोड पुढे गेल्यावर त्याचं काय होतं, एवढंच बघायचं असतं. कंपन्यांमधली बहुतेक भांडणं कुणाला काम येत नाही म्हणून होत नाहीत. काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथे ती होतात.

आम्ही दर पावसाळ्यात सगळे मिळून लोणावळ्याला जातो. ते पुरत नाही का?

जरूर जा, भजी खा, अंताक्षरी खेळा. ओळख वाढते, नंतर फोन करताना संकोच वाटत नाही, हा फायदा खराच आहे. पण सोमवारी परत आल्यावर परचेसला डिझाइनची अडचण कळलेली नसते आणि डिझाइनला परचेसची. ती समज कामाच्या जागीच येते.

एक सूचना मात्र आहे. आउटिंगचे पैसे वाचवण्यासाठी हा उपक्रम करू नका. लोकांना ते लगेच कळतं, ते चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

याचा उपयोग होतो असं कशावरून म्हणता?

दोन उदाहरणं देते, दोन्ही आपल्या धंद्याबाहेरची.

पहिलं ऑपरेशन थिएटरमधलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट काढली. एकोणीस मुद्द्यांच्या त्या यादीत, पहिला छेद घेण्याआधी, एक मुद्दा असा आहे: खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि आपलं काम सांगितलं आहे का? सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, सगळ्यांनी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलेलं दिसलं. हे श्रेय एकट्या त्या मुद्द्याचं नाही, यादीत अँटिबायोटिकपासून स्पंज मोजण्यापर्यंत बरंच काही आहे. तरीही, इतक्या तज्ज्ञ माणसांच्या खोलीत "मी कोण आणि माझं काम काय" हे मुद्दाम बोलून दाखवावं असं त्यांना वाटलं, याची नोंद घ्यायला हवी.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातलं. तिथे माजी विद्यार्थ्यांना फोन करून शिष्यवृत्तीसाठी देणग्या मागणारी मुलं होती. कंटाळवाणं काम, नकारच जास्त. अ‍ॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या काही मुलांची गाठ शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली, तीही काही मिनिटांपुरतीच. महिन्याभरानंतर पाहिलं तर या मुलांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता. पगार तोच, बॉस तोच. आपण केलेलं काम कुणापर्यंत पोहोचतं ते त्यांनी पाहिलं होतं, एवढाच फरक. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोणी कुणाकडे बसायचं? सगळ्यांनी सगळीकडे?

नाही, तसं केलंत तर ती शाळेची सहल होते. ज्याच्याकडून आपल्याला काम येतं आणि ज्याच्याकडे आपलं काम जातं, या दोघांपासून सुरुवात करा. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा सांगत, की पुढची प्रक्रिया हाच आपला ग्राहक. आपल्या कंपन्यांत हे वाक्य भिंतीवर लावलेलं असतं, पण त्या 'ग्राहका'च्या खुर्चीशेजारी जाऊन बसलेला माणूस क्वचित सापडतो.

जोड्या ठरवताना पद बघू नका. मॅनेजरनं मॅनेजरकडे बसून उपयोग नसतो, तिथे दोघं मिळून तिसऱ्याबद्दल बोलतात. ज्याच्या हातात खरोखर कागद, पार्ट किंवा टिकेट (ग्राहकाच्या तक्रारीची नोंद) असतं, त्याच्याकडे बसा.

किती वेळ आणि कुठल्या दिवशी?

तीन ते चार तास. एका तासात नुसती ओळखच होते, आणि आठवडाभर बसलं की पाहुणा मदतनीस होऊन जातो, मग तो बघत नाही, राबतो.

दिवस निवडणं मात्र विचार करण्यासारखं आहे. अकाउंट्सचंच घ्या. टीडीएस (कापून घेतलेला आयकर) ७ तारखेपर्यंत भरायचा, दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ११ तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआयसी १५ तारखेपर्यंत, जीएसटीआर-३बी (महिन्याच्या जीएसटीचं एकत्रित रिटर्न) २० तारखेपर्यंत. यातल्या एखाद्या तारखेला सेल्सचा माणूस वही घेऊन शेजारी येऊन बसला तर काय होईल, ते सांगायला नको. पहिली फेरी २० नंतर ठेवा. दुसरी फेरी मात्र मी मुद्दाम १९ तारखेला ठेवायला सांगते, फक्त एक तासाची, तोंड बंद ठेवून. "एक बिल आजच टाका ना मॅडम" असं १९ ला सांगणाऱ्या माणसानं १९ तारीख तिथे बसून बघितलेली बरी.

आपल्या भागातल्या काही गोष्टीही ध्यानात ठेवा. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. हेड ऑफिस शहरात आणि प्लांट भोसरीत असेल, तर गुरुवारी सकाळी पाठवलेला 'अर्जंट' मेल शुक्रवारीच उघडतो, आणि रविवारी प्लांटवरून आलेला फोन हेड ऑफिसात कुणी उचलत नाही. वर्षानुवर्षं एकमेकांना आळशी समजणारे दोन विभाग या एका कारणावरून मी पाहिले आहेत. पालखी शहरात असते ते दिवस, गणपतीचे दहा दिवस आणि मार्च अखेर सोडून द्या.

शेजारी बसलेल्यानं करायचं काय? नुसतं बघत बसायचं?

आधी बघा, विचारायचं नंतर. पहिला तासभर शक्य तितकं गप्प राहा. मग विचारायला हे प्रश्न उपयोगी पडतात: सकाळी आल्यावर सगळ्यात आधी काय उघडता? आमच्याकडून काय आलं की काम थांबतं? काय आलं की काम पटकन होतं? कुठली गोष्ट तुम्हाला दोनदा करावी लागते? आणि आम्हाला कधीच न सांगितलेली, गुपचूप निस्तरलेली गोष्ट कुठली? हा शेवटचा प्रश्न चहाच्या वेळी विचारा, टेबलावर त्याचं खरं उत्तर मिळत नाही.

भोसरीतल्या एका कारखान्यातला प्रसंग सांगते. अकाउंट्सच्या मॅडमची तक्रार होती, की स्टोअरवाले जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) चार-चार दिवस करत नाहीत, त्यामुळे पुरवठादाराचं बिल अडकतं आणि त्याचे फोन आपल्याला खावे लागतात. त्यांना इनवर्डला, म्हणजे माल उतरवून घेतात तिथे, बसवलं. साडेदहाला टेम्पो आला. एम-८ बोल्टची पोती. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ५,००० नग, चलनावर ६८ किलो. स्टोअरच्या काकांनी एक पोतं फोडलं, शंभर बोल्ट हातानं मोजले, काट्यावर ठेवले, काट्याला नगाचं वजन दिलं आणि मग एकेक पोतं चढवायला सुरुवात केली. तेवढ्यात क्वालिटीचा मुलगा नमुना घेऊन गेला. त्याचा ओके आल्याशिवाय सिस्टिममध्ये एंट्री पुढे सरकत नाही. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला पुढे मोशीला माल टाकायचा होता.

"काका, रोज एवढं करता?" मॅडमनी विचारलं.

"रोज नाही हो मॅडम. गाडी आली की."

चूक कुणाचीच नव्हती. परचेस नगात ऑर्डर देत होतं कारण ड्रॉइंगवर नग असतात. पुरवठादार किलोत पाठवत होता कारण तो किलोत विकतो. त्या दोन एककांमधला हिशेब रोज काकांच्या काट्यावर होत होता आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमनी परचेसला सांगून पीओवर एक ओळ वाढवून घेतली, की चलनावर नग आणि किलो दोन्ही लिहावेत आणि प्रत्येक पोत्यावर नगसंख्येची चिठ्ठी असावी.

त्याच्या उलट फेरीत काका अकाउंट्समध्ये बसले, तेव्हा त्यांना एक गोष्ट पहिल्यांदाच कळली. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे द्यायची मुदत, लेखी करार असला तरी, २००६ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. आणि ती मोजतात माल स्वीकारल्यापासून, बिल अकाउंट्सच्या टेबलावर पोहोचल्यापासून नव्हे. म्हणजे जीआरएनला लागलेले चार दिवस त्या मॅडमच्या हातातूनच जात होते. काका म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या पोत्यांना आधी हात लावला असता." सांगितलं नव्हतं, कारण अकाउंट्सला वाटत होतं की हे सगळ्यांना माहीतच असतं.

माझं काम मला येतं, पण दुसऱ्याला सांगताच येत नाही. काय करू?

हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, आणि जितका अनुभव जास्त तितकं जास्त. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं एक मजेदार प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. घरी करून बघा, भांडणं होतात.

म्हणून सांगू नका, करून दाखवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुपरवायझरना कामगार घडवायला शिकवण्यासाठी एक पद्धत बसवली गेली आणि पुढे ती जपानी कारखान्यांनी मनापासून उचलली. त्यात कामाचे तीन पदर पाडतात: मुख्य पायऱ्या कुठल्या, प्रत्येक पायरीत जपायचं काय, आणि का. आपले लोक पायऱ्या घडाघडा सांगतात, जपायचं काय तेही सांगतात, 'का' मात्र गाळतात. पाहुण्याला हवा असतो तो नेमका 'का'. "हा फॉर्म पूर्ण भरल्याशिवाय मी घेत नाही" हे ऐकून राग येतो. "एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) नसेल तर बिल पोर्टलवर चढतच नाही" हे ऐकलं की तोच माणूस फॉर्म भरून आणतो.

लोकांना वाटतं ही तपासणी आहे, किंवा नोकरकपातीची तयारी.

वाटणारच. आधी स्वतःलाच खरं उत्तर द्या: तसं आहे का? असेल, तर हा उपक्रम करू नका. दोन माणसांचं काम एकाला द्यायचं असेल तर ते उघड सांगा, शेजारी बसवण्याच्या नावाखाली त्याची माहिती गोळा करू नका. एकदा असं झालं की त्या कंपनीत पुढची दहा वर्षं कुणी कुणाला काही दाखवत नाही.

तसं नसेल तर तीन गोष्टी पाळा. जे दिसलं ते अप्रेझलमध्ये जाणार नाही, हे लेखी द्या. नोंदी पाहुण्याकडे आणि यजमानाकडेच राहतील, एचआरकडे फक्त दोघांनी मिळून ठरवलेल्या सूचना येतील. आणि युनियन असेल तर कमिटीला सगळ्यात आधी सांगा, नोटीस बोर्डवर लागल्यावर नव्हे.

बघून आल्यावर लोक दुसऱ्या विभागाला सल्ले देत सुटतात. हे कसं थांबवायचं?

ही या उपक्रमातली सगळ्यात मोठी अडचण आहे, भीतीपेक्षाही मोठी. अर्धा दिवस बसलेला इंजिनिअर परत येऊन "त्यांनी सरळ एक एक्सेल बनवावी ना" असं म्हणतो. पंधरा वर्षं ते काम करणाऱ्या माणसाला ही एक्सेल सुचली नसेल का? सुचली असेल, करूनही पाहिली असेल, कुणीतरी फॉर्म्युला उडवला म्हणून सोडून दिली असेल.

मी एक नियम घालते. परत आल्यावर दुसऱ्यानं काय बदलावं हे बोलायचं नाही, मी काय बदलणार एवढंच बोलायचं. "डिस्पॅचला गाडीचा नंबर दुपारी चारच्या आत कळवेन" हे चालेल, "डिस्पॅचनं जरा वेगानं काम करावं" हे चालणार नाही. सुरुवातीला लोक कुरकुरतात, पण यानं सगळा सूर बदलतो.

हे उदाहरण उगाच दिलेलं नाही. महाराष्ट्राबाहेर ५० हजारांच्या वरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं, राज्याच्या आत ही मर्यादा एक लाखाची आहे. ट्रान्सपोर्टरनं ऐन वेळी गाडी बदलली की बिलाच्या पार्ट-बीमध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, नंबर बदलावा लागतो. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत. सेल्सच्या मुलाला यातलं काही माहीत नसतं, त्यानं ग्राहकाला "गाडी निघाली" असं सांगून टाकलेलं असतं. गाडी अजून चाकणच्या चौकातसुद्धा पोहोचलेली नसते, ती गेटच्या आत उभी असते.

मशिनवर काम चालू असताना ऑफिसच्या लोकांना तिथे बसवणं सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर आहे. सेफ्टी शूज, गॉगल आणि जिथे लागतं तिथे इअर प्लग, पाहुण्यालाही. ओढणी, सैल बाह्या, कडी, अंगठ्या, गळ्यातलं आयकार्ड, सगळं काढून. मोकळे केस बांधून. पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभं राहायचं, चालू मशिनला हात लावायचा नाही, मशिनची एक फेरी (सायकल) चालू असताना ऑपरेटर कामात असतो, तेव्हा त्याच्याशी बोलायचं नाही. प्रेसशॉप आणि फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर सोबत नसेल तर जाऊच नका. यात सवलत नाही, मालकांच्या चिरंजीवांनाही.

पगाराची माहिती, ग्राहकांचा डेटा, हे सगळं पाहुण्याला दिसेल त्याचं काय?

दिसू देऊ नका. पेरोलच्या दिवशी एचआरकडे कुणाला बसवू नका. ग्राहकांची वैयक्तिक माहिती स्क्रीनवर असेल तर डमी नोंदी वापरा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हे एक कारण आहेच, पण कायदा नसता तरी ही साधी सभ्यता आहे.

आमची हिंजवडीत आयटी कंपनी आहे, निम्मे लोक घरून काम करतात. शेजारी बसवायचं कसं?

स्क्रीन शेअर करून होतं, पण निम्मंच होतं. स्क्रीनवर काम दिसतं, व्यत्यय दिसत नाहीत: मागून येऊन "दोन मिनिटं आहेत का" म्हणणारा मॅनेजर, एकाच वेळी वाजणारे तीन चॅट. म्हणून जोडीतले दोघं ऑफिसला येतात तोच दिवस धरा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून फक्त यासाठी कुणाला बोलावलंत, तर उपक्रमाचं पहिलं वाक्य शिवीनंच सुरू होईल.

आयटीत सगळ्यात फलदायी जोडी सपोर्ट आणि डेव्हलपर यांची. डेव्हलपरनं सपोर्टच्या हेडसेटचं दुसरं टोक कानाला लावून तासभर ऐकावं. 'समथिंग वेंट राँग' एवढाच एरर मेसेज त्यानंच लिहिलेला असतो, आणि त्या तीन शब्दांवर चिडलेल्या माणसाला सपोर्टची मुलगी वीस मिनिटं समजावत असते. त्यानंतर तो एरर मेसेज जरा मन लावून लिहितो. उलट फेरीत सपोर्टच्या मुलीला कळतं की "फक्त एक बटण हलवायचं आहे" यामागे टेस्टिंगच्या किती पायऱ्या असतात.

रात्रीच्या शिफ्टबद्दलही एक सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी आपलं अंतर तिथल्या उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं असतं, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साडेदहा तासांचं. म्हणजे तिकडे घड्याळ बदललं की इकडे कुणाचा तरी कॉल साडेआठवरून साडेनऊला जातो आणि जेवण, मुलांचं झोपणं, शेवटची कॅब, सगळं सरकतं. दिवसाच्या टीमनं एकदा तरी त्या वेळेला थांबून बघावं.

सिक्युरिटी, हाउसकीपिंग, कॅन्टीन, ड्रायव्हर यांनाही यात घ्यायचं का?

घ्यायचंच. गेटवरच्या काकांना कुठल्या पुरवठादाराची गाडी कागदाविना येते ते परचेसच्या आधी माहीत असतं. कॅन्टीनच्या ताईंना कुठल्या शिफ्टला ओव्हरटाइम लागणार ते जेवणाच्या ऐनवेळी वाढलेल्या आकड्यावरून कळतं, आणि तो आकडा त्यांना कुणीतरी अकरा वाजता कळवायला हवा असतो, साडेबाराला नाही. एकच पथ्य: त्यांच्याकडे बसायला गेलात तर त्यांनाही तुमच्याकडे बसवा. नाहीतर ती नुसती पाहणी होते, आणि साहेब लोक पाहणी करून गेलेले त्यांनी पुष्कळ पाहिलेत. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसांना त्या वेळेचे पैसे मिळतात ना, तेही बघा.

लाइनवरची बरीच मुलं हिंदी बोलणारी आहेत.

मग हिंदीत बोला. पुण्याची हिंदी कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, मुलं सांभाळून घेतात. लेखी नोंदी मात्र ज्याला जी भाषा लिहिता येते तीत, किंवा मोबाइलवर व्हॉइस नोट.

आमच्याकडे स्किल मॅट्रिक्स (कुणाला कुठलं काम येतं याचा तक्ता) आहे. मग हे वेगळं कशाला?

आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकासाठी लोकांची क्षमता दाखवावी लागते, म्हणून बहुतेक कारखान्यांत तो तक्ता असतो: पाव भरलेलं वर्तुळ म्हणजे शिकतोय, पूर्ण भरलेलं म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. तो आवश्यकच आहे. त्यावरून कळतं की रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी कोण उभा राहू शकतो. पण तो तक्ता बहुतेक एकाच विभागाच्या आतला असतो. स्टोअरच्या माणसाच्या रांगेत 'अकाउंट्सला काय लागतं हे माहीत आहे' असं वर्तुळ मी अजून कुठे पाहिलेलं नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री वर्तुळं रंगवण्याबद्दल इथे काही बोलत नाही.

मालक आणि वरिष्ठांनी बसायचं का?

हो, आणि सगळ्यात आधी. टोयोटाचे तायची ओहनो खडूनं जमिनीवर वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात तासन्‌तास उभं करत आणि नंतर विचारत, काय दिसलं? आपल्याकडे मालकांना वर्तुळात उभं करणारा कोण, हा प्रश्न आहे. त्यामुळे त्यांनी स्वतःहून खुर्ची ओढून बसावं, फोन एचआरकडे देऊन. फोन हातात असेल तर ते त्याच खुर्चीत बसून ऑफिस चालवतात.

एखाद्यानं नकार दिला तर?

जबरदस्ती करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तो स्वतः विचारायला येतो. नाहीच आला तर नाही.

फायदा झाला हे मोजायचं कसं?

"उपक्रम कसा वाटला, एक ते पाच" असले फॉर्म भरून घेऊ नका, सगळे चार देतात. त्यापेक्षा उपक्रमाच्या आधीच एखादी गोष्ट मोजून ठेवा: महिन्याला किती बिलं परत जातात, विषयात 'अर्जंट' लिहिलेले किती मेल येतात, किती टिकेटं माहिती अपुरी म्हणून परत फिरतात, शिफ्ट बदलताना किती मिनिटं जातात. तीन महिन्यांनी तीच गोष्ट पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल, तर बहुधा जोडी चुकलेली असते किंवा परत आल्यावर ठरलेलं कुणी केलेलं नसतं.

सुरुवात कुठल्या जोडीनं करावी? आमच्याकडे प्रॉडक्शन आणि क्वालिटीचं फार वाजलेलं आहे, तिथून करू का?

नको, तिथून नको. ज्यांचं आधीच वाजलंय ते पहिल्या फेरीत एकमेकांचे पुरावे गोळा करतात. ज्यांचं भांडण नाही, फक्त कुरबुर आहे, अशी जोडी घ्या. कारखान्यात स्टोअर आणि अकाउंट्स, नंतर सेल्स आणि डिस्पॅच. आयटीत सपोर्ट आणि डेव्हलपर. छोट्या ऑफिसात जो रोज कोटेशन बनवतो आणि जो रोज ग्राहकाचा फोन उचलतो, ते दोघं. त्यांच्याकडून काहीतरी छोटं, दिसण्यासारखं बदललं की प्रॉडक्शन आणि क्वालिटी स्वतः विचारतील.

पहिल्या फेरीसाठी २१ ते २५ तारखेच्या मधला मंगळवार किंवा बुधवार धरा, कारण २५ नंतर डिस्पॅचची महिनाअखेर सुरू होते. वेळ सकाळी दहा ते एक. जोडीतल्या दोघांच्या साहेबांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, की या तीन तासांत त्या दोघांना फोन करायचा नाही.